पाचवी खूण

१

बावन्न नंबरच्या ट्यूबमधलं रक्त आकाराम पोवारांचं नव्हतं, हे गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला पाच माणसांना एकदमच कळलं.

राजारामपुरीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर डॉ. उन्मेष रणनवरे यांची प्रयोगशाळा होती. तिच्या आतली खोली चारी बाजूंनी तांब्याच्या जाळीनं मढवलेली. तिथलं यंत्र इतकी बारीक वीज मोजायचं, की कोणाच्या खिशातला मोबाईलही त्याला त्रास द्यायचा. म्हणून खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही, आणि जाड दार लावलं की जिन्यावरचा आवाजही आत यायचा नाही. ड्रायव्हर सयाजी खोत त्या खोलीला पिंजरा म्हणायचा. नाजिया मुजावर सिस्टरला तिथं पाच मिनिटांच्या वर कधी थांबवायचं नाही.

आज मात्र सगळ्यांना थांबावं लागलं होतं. रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडून भैरवी नाडगौडा तपासणीला आल्या होत्या. समितीत डॉक्टरांशिवाय एक साधा नागरिक लागतो, ती जागा त्यांची. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखिका होत्या. अजूनही कोणी बोलायला लागलं की त्यांची पेन्सिल आपोआप चालायची.

पीएच.डी. करणारी अंतरा शिंत्रे त्यांना यंत्र समजावून सांगत होती.

"हा पडदा, ताई. याला एकच छिद्र आहे, डोळ्यांना दिसणारच नाही इतकं बारीक. नॅनोपोअर. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी असतं आणि छिद्रातून वीज वाहत असते. रक्तातला मायक्रोआरएनए, म्हणजे पेशींनी सोडलेला एक बारीक रेणू, छिद्रातून जाताना वाट अडवतो, वीज क्षणभर खाली येते. पाच प्रकारच्या मायक्रोआरएनएंना आम्ही पाच वेगवेगळ्या शेपट्या जोडतो. वीज किती खाली आली, किती वेळ आली, त्यावरून कोण गेलं ते कळतं. एका थेंबात पाचही एकदम मोजले जातात."

"पाच कशाला? आजार तर एकच शोधताय की."

"पहिल्या दोन खुणा स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये वाढतात. तिसरी सगळ्यांच्यात असते, ती तुलनेसाठी. चौथी तांबड्या पेशी फुटल्या की वाढते, म्हणजे रक्ताला हिसके बसले का ते समजतं. आणि पाचवी वारेतून येते. गरोदर बायका या अभ्यासात घ्यायच्या नाहीत, म्हणून ती पहाऱ्याला ठेवली आहे."

मग अंतरानं बावन्न नंबरचा थेंब यंत्रात सोडला. आकाराम पोवार, वय अठ्ठावन्न, एसटीच्या गडहिंग्लज आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक. चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरलेलं. सोमवारी तिथल्या रक्ताच्या शिबिरात त्यांची नस सापडायला किती वेळ लागला होता, ते नाजियाला नीट आठवत होतं.

पडद्यावर पाच खांब हळूहळू उभे राहिले. पहिले दोन ठेंगणे. तिसरा रोजच्यासारखा. चौथा तळाला टेकलेला. आणि पाचवा चढतच गेला, थेट वरच्या रेघेला जाऊन भिडला.

भैरवीताईंनी चष्मा पुसून परत घातला.

"आकाराम हे पुरुषाचंच नाव ना?" त्यांनी विचारलं.

२

डॉ. रणनवरे उठले आणि त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं.

"कोणीही बाहेर जायचं नाही," ते म्हणाले. "गडहिंग्लजच्या शिबिरात पोवारांची नस सापडत नव्हती, हे सिस्टरनी स्वतःच मला सांगितलंय. रक्त मिळालं नाही, म्हणून दुसऱ्या कोणाचं तरी भरलं. आणि ते रक्त गरोदर बाईचं आहे. सरळ हिशेब आहे, मॅडम."

नाजिया पुढं झाली. "सर, मी पोवारकाकांचंच रक्त काढलंय. डाव्या हातातनं, दुसऱ्या खेपेला. काकांना फोन करून विचारा."

"रक्त काढलं असं ते म्हणणारच. ट्यूबमध्ये काय गेलं ते त्यांना काय माहीत? या विभागात बायका दोनच, तुम्ही आणि अंतरा. दोघींनी खाली जाऊन गरोदरपणाची तपासणी करून यायची, दहा मिनिटांचं काम आहे. पाच वाजेपर्यंत रिपोर्ट माझ्या टेबलावर पाहिजे. ज्यांना जायचं नसेल त्यांनी का नाही ते लिहून द्यावं."

अंतरा पडद्याकडे बघत होती.

नाजियानं टेबलाची कड घट्ट धरली. तिला तिसरा महिना होता. याआधी दोनदा चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. दुसऱ्या वेळी सासूनं, इमामबीनं, आधीच साऱ्या मोहल्ल्यात साखर वाटली होती, आणि मग तोच मोहल्ला महिनाभर समजूत घालायला येत राहिला. प्रत्येक बाई दारातून आत येताना आधी तिच्या पोटाकडे बघायची. या खेपेला नवऱ्यानं, अझहरनं, आणि तिनं ठरवलं होतं की पाचवा लागेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. शिवाय पुढच्या आठवड्यात तिच्या कंत्राटाची मुदत वाढायची होती. मागच्या वर्षी एका सिस्टरची वाढली नव्हती, त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर कुठंही नव्हतं.

खाली गेली, तर तपासणीत ते निघणार. निघालं की ट्यूबमधलं रक्त तिचंच, हे सगळ्यांना पटणार. नाही गेली, तरी तेच पटणार. तांब्याच्या जाळीकडे बघताना तिला वाटलं, आत येताना दार होतं, आता चारी बाजूंना जाळीच आहे.

"घड्याळात किती झाले?" भैरवीताईंनी विचारलं.

"पावणेतीन," सयाजी म्हणाला.

"मग वेळ आहे. डॉक्टर, तपासणी नंतर बघू. आधी मी सगळ्यांना थोडं विचारते. इथंच, एकमेकांसमोर. साक्ष तशीच घ्यायची असते."

३

सयाजी पहिला.

"सोमवारी सकाळी सिस्टरनी पंधरा जणांचं रगात काढलं," तो म्हणाला. "शेहेचाळीस ते साठ नंबर. बर्फाच्या पेटीत घालून जीपनं मी हिकडं आणलं. रस्ता समदा उकरून ठिवलाय, हाडं खिळखिळी झाली माझी. पाच वाजता पेटी डॉक्टरसायबांच्या हातात दिली. पंधरा ट्यूबा मोजून दिल्या, सही हाय त्येंची."

"अंतराच्या हातात नाही?"

"न्हाय. त्या विद्यापीठात गेलत्या कसल्या तरी परीक्षेला."

"आणि नंतर तुम्ही?"

"तसाच माघारी गेलतो. मंगळवारी वजनं आन् फॉर्म भरायचं व्हतं न्हवं. सिस्टर तिकडंच मुक्कामाला व्हत्या, त्येंच्या मावशीकडं. बुधवारी दुपारी त्येंना घिऊनच आलो की."

पेन्सिल चालत राहिली. मग भैरवीताई नाजियाकडे वळल्या.

"पोवार रक्त देताना काय बोलले?"

असला प्रश्न येईल असं तिनं धरलंच नव्हतं. "ते... ते म्हणाले, 'अक्का, गाडीचं ऑइल बघतात तसंच हे. काळं पडलं असलं तर सांगा.'"

भैरवीताईंनी तेही लिहून घेतलं. पुढं काही विचारलं नाही. नाजिया वाट बघत राहिली, पण त्या डॉक्टरांकडे वळल्या होत्या.

"सोमवारी संध्याकाळी पेटीचं काय केलंत?"

"काय करायचं? रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी वेगळं काढलं. एकट्यानं. फ्रीजमध्ये ठेवून सातला घरी गेलो. मॅडम, जरा विचार करा. येत्या सोमवारी पैसे देणारे दिल्लीचे लोक येतायत. साठ रुग्णांचा अभ्यास आहे, पुढं दोन हजारांचा होणार. या जिल्ह्यातल्या माणसाला पुण्या-मुंबईला न जाता हे समजणार. आणि एका फुटक्या ट्यूबसाठी एकोणसाठ जणांचं काम तुम्ही मातीत घालणार का?"

"मी कशाला घालीन?" भैरवीताई शांतपणे म्हणाल्या. "अंतरा, तू कधी हात लावलास?"

"मंगळवारी सकाळी फ्रीज बघितला. बुधवारी वाचन केलं." तिचा आवाज जेमतेम येत होता.

"सगळ्या पंधरांचं?"

"चौदांचं."

"बावन्न का वगळलीस?"

अंतरानं ओठ आवळले. डॉक्टरच पटकन म्हणाले, "तपासणीला एक नमुना दाखवायला नको का? म्हणून ठेवला असेल."

"प्रश्न तिला होता, डॉक्टर."

पण अंतरा बोललीच नाही.

४

चार वाजून गेले. भैरवीताईंनी वाचनाची वही आणि सगळ्या नमुन्यांच्या आलेखांचे कागद मागून घेतले. त्या एकेक कागद उलटत होत्या. बाकीचे बसून होते. खोलीतली हवा जड झाली होती. सयाजीनं एकदा दाराकडे पाहिलं, डॉक्टरांनी नुसती मान हलवली, आणि तो परत खाली बसला.

साडेचारला डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. नसेल तसं काही, तर जाऊन या. मी पोलिसांत वगैरे जाणार नाही. झाली चूक म्हणून लिहून द्या, विषय इथंच संपवू."

नाजियानं मनात हिशेब केला. लिहून दिलं की संपेल खरंच. दार उघडेल. कंत्राट जाईल, पण पोटातलं पोटात राहील. आणि आकारामकाकांच्या कागदावर काय जाईल? रक्त परत घ्यायला कोण जाणार होतं? पहिले दोन खांब ठेंगणे आहेत, सगळं ठीक आहे, एवढंच त्यांना कळणार. नऊ किलो गेलेला माणूस निवांत घरी बसून राहणार.

तरीही ती उठली. इथं आणखी अर्धा तास बसणं तिला शक्य नव्हतं. "कागद द्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कोरा कागद पुढं सरकवला.

"बस खाली, नाजिया," भैरवीताई कागदांतून मान वर न करता म्हणाल्या. "तुला काही लिहायचं नाही. कुठं तपासणीलाही जायचं नाही. तुझ्याबद्दल मी काही विचारलेलं नाही, आणि तूही मला काही सांगू नकोस. त्याची गरजच पडत नाही."

५

त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मला यंत्रातलं काही कळत नाही. पण या पाच खुणा पाच साक्षीदारांसारख्या आहेत, आणि त्या एकाच वेळी बोलतात, तेवढं मला कळलं. सगळे पाचवीकडंच बघत बसले. मी चौथी बघितली. गडहिंग्लजहून आलेल्या चौदाही नमुन्यांत ती वर आहे. सयाजीची हाडं खिळखिळी झाली तशा त्या रक्तातल्या पेशीही फुटल्या. इथं, याच इमारतीत काढलेल्या पहिल्या पंचेचाळीस नमुन्यांत ती तळाला आहे. आणि बावन्न नंबरमध्येही तळाला आहे."

सयाजीच्या लक्षात आधी आलं. "म्हंजे ते रगात माझ्या जीपमधनं आलंच न्हाय?"

"आलं नाही. ते इथंच काढलेलं आहे. मग शिबिरात नाजियानं काही भरलं असेल, हा विषय संपला. सोमवारी पेटी इथं पोचल्यापासून बुधवारी दुपारपर्यंत ती आणि सयाजी दोघंही गडहिंग्लजला होते. आणि वहीत बुधवारी सकाळीच बावन्न बाजूला ठेवल्याची नोंद आहे, म्हणजे अदलाबदल त्याआधीची. आता पाचवी. डॉक्टर, तुमच्याच प्रकल्पाच्या तक्त्यात लिहिलंय, ही खूण महिन्यागणिक वाढत जाते. इतकी उंच ती आठव्या-नवव्या महिन्यातच जाते. या खोलीत तशी बाई तुम्हाला कोण दिसते? तपासणी कोणाची करणार होता तुम्ही?"

डॉक्टरांनी आलेखाचा कागद स्वतःकडे ओढला. भैरवीताई पुढं बोलत राहिल्या.

"खाली तळमजल्यावर गरोदर बायकांची तपासणी असते. उरलेलं रक्त संध्याकाळी टाकून देतात. तिथून कोणीतरी आणलं. राहिलात तुम्ही आणि अंतरा. आणि इथंच मी अडकले होते. पाचवी खूण कशासाठी आहे ते तुम्हा दोघांनाही तोंडपाठ. लबाडी लपवायची असती, तर तुमच्यापैकी कोणीही सयाजीसारख्या एखाद्या पुरुषाचं रक्त घेतलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. गरोदर बाईचं रक्त ज्याला लपायचंय तो घेणार नाही. ज्याला पकडलं जायचंय, तोच घेईल."

भैरवीताई अंतराकडे वळल्या.

"चौदा नमुने बुधवारी वाचले आणि हाच एक माझ्यासमोर वाचायला ठेवला. का गं, अंतरा?"

अंतरा रडली नाही. ती उभी राहिली आणि एका दमात बोलली.

"मंगळवारी सकाळी मी आले तेव्हा सेंट्रिफ्यूज धुतलेलं होतं, पण फटीत काच होती. सरांनी घाईत समोरासमोरच्या ट्यूबांचं वजन न जुळवता फिरवलं होतं, त्यात बावन्न नंबरची फुटली. मी म्हटलं, पोवारांना परत बोलावू. सर म्हणाले, दिल्लीच्या लोकांना तुटलेलं शिबिर दाखवायचं नाही. साठ म्हणजे साठ, संध्याकाळपर्यंत ट्यूब जागेवर दिसली पाहिजे, आणि माझ्या प्रबंधावर अजून त्यांची सही व्हायचीय हे लक्षात ठेव. सहा वर्षं झाली, ताई. तोंडानं नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मग म्हटलं, यंत्रच म्हणेल. तुम्ही समोर असताना म्हणेल."

"खोटं आहे," डॉक्टर म्हणाले. "ट्यूब फुटल्याचं मला आत्ता कळतंय."

भैरवीताईंनी वही मागं उलटली आणि सपाट आवाजात वाचलं. "'आणि एका फुटक्या ट्यूबसाठी एकोणसाठ जणांचं काम तुम्ही मातीत घालणार का?' डॉ. रणनवरे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. तोवर इथं सगळे रक्त बदलल्याचं बोलत होते. ट्यूब फुटली असं कोणीही म्हटलं नव्हतं. फुटली आणि शिल्लक राहिले एकोणसाठ, हे फक्त तुम्हाला ठाऊक होतं."

डॉक्टरांनी हात पुढं केला. "मॅडम, हे लिहिणं जरा थांबवा. आपण बोलू."

"बोला की. मी लिहितेच आहे."

नाजियाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला राग आला, आणि तो डॉक्टरांपेक्षा अंतराचा जास्त आला.

"दोन तास," ती अंतराला म्हणाली. "दोन तास मी इथं मरत होते. तू समोर बसली होतीस. यंत्राला बोलायला लावलंस, तुला तोंड नव्हतं?"

"सर तुमच्यावर आळ घेतील असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि घेतल्यावर..."

"घेतल्यावर काय?"

"घेतल्यावर मी भ्याले," अंतरा म्हणाली.

सयाजीनं कोणाला न विचारता दार उघडलं.

६

समितीनं डॉ. रणनवरे यांना अभ्यासावरून बाजूला केलं आणि चौकशी लावली. भैरवीताईंनी अहवालात अंतरालाही सोडलं नाही. एका अनोळखी बाईचं रक्त तिला न विचारता वापरलं, एका निरपराध सहकाऱ्यावर आळ येत असताना गप्प राहिली, हे त्यांनी शब्दशः लिहिलं. आणि त्याच पानावर असंही लिहिलं की या मुलीला दुसरा मार्गदर्शक द्यावा. अंतराचं एक वर्ष गेलं. नाजियाच्या कंत्राटाचा कागद भैरवीताईंनी स्वतः समितीसमोर ठेवून वाढवून घेतला. कारण कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात, शनिवारी, आकाराम पोवारांना परत बोलावलं होतं. सयाजी त्यांना पहाटेच निघून घेऊन आला. नाजियानं त्यांचं रक्त पुन्हा काढलं. या खेपेला नस लगेच सापडली. यंत्र चालवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून समितीनं अंतराला तेवढ्या एका वाचनाची परवानगी दिली होती. शेजारी भैरवीताई बसल्या होत्या.

पाचवा खांब उठलाच नाही. पण पहिले दोन उठले, आणि दोन्ही वर गेले.

अभ्यासातल्या यंत्रावरून कोणाला आजारी ठरवता येत नाही. म्हणून त्याच दुपारी सीटी स्कॅन केला. स्वादुपिंडाच्या टोकाला हरभऱ्याएवढी गाठ होती. सर्जननी आकारामांना समजावून सांगितलं की ती लहान आहे, पसरलेली दिसत नाही, काढता येईल. आणखी चार महिन्यांनी ते आले असते, तर असं सांगता आलं नसतं.

ते बाहेर येऊन बाकावर बसले. नाजिया त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. सयाजीनं त्यांना वाटेत सगळी हकिकत सांगितली होती.

"म्हंजे हाय तर," ते म्हणाले. मग त्यांनी चहाचा घोट घेतला. "कापायचं म्हणत्यात. कापू दे. गाडी बंद पडायच्या आधी बोनेट उघडलेलं बरं." अर्धा कप झाल्यावर त्यांनी विचारलं, "अक्का, ती बाई कोण वो? जिचं रगात माझ्या नावावर चढलं?"

"ते कोणालाच सांगता येत नाही, काका. नाव नसतं त्यावर."

"नाव कशाला पायजे मला. बरी हाय न्हवं ती? नववा म्हन्ला सयाजी. सुटली का न्हाय नीट?"

नाजियाला ते माहीत नव्हतं. गेले तीन दिवस त्या बाईचा विचार करणारा हा पहिलाच माणूस तिला भेटला होता, आणि त्याच्या स्वतःच्या पोटात गाठ होती. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"तिचं मला ठाऊक नाही, काका," ती म्हणाली. "पण मला तिसरा आहे. सासूलासुद्धा सांगितलं नाही अजून. दोन गेले आधी."

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर काही झालं नाही. कॉरिडॉरमधून माणसं ये-जा करत होती, कोणी वळून बघितलं नाही.

आकारामांनी कप खाली ठेवला. "भ्या वाटतंय?"

"लई."

"मलाबी," ते म्हणाले, आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी तिला टेकायला भिंतीकडची जागा दिली.